गल्लीच्या तोंडाशी गेट

६ जानेवारी

वरच्या खोलीत भाड्याने राहणारी रुचिरा आज भल्या सकाळी धुक्यात घरोघर फिरत होती. एवढ्या थंडीत कुणी हसतमुखाने लोकांची दारं वाजवत असेल, तर त्यात त्याचं काहीतरी असतंच. आमच्या दारात आली तेव्हा नाक लाल झालेलं होतं, उत्साह मात्र कायम.

"काका, या वेळी वॉर्डमध्ये नवीन गोष्ट होते आहे. पार्षदजींच्या निधीतला एक हिस्सा कुठे लावायचा, ते मोहल्ल्याचे लोक तय करणार. वोट देऊन. तुम्ही जरूर यायचं."

"नगरसेवकाच्या पैशात तुझं काय?" मी विचारलं.

"माझं काय असणार? मी संस्थेत आहे ना. लोकांना समजावायचं, मीटिंगला आणायचं, वोट करवायचं. बस."

सदतीस वर्षं मी गाड्यांमध्ये तिकिटं तपासली. 'बस, एवढंच' म्हणणारा प्रवासी बहुधा स्लीपरच्या तिकिटावर एसीत पाय पसरून बसलेला असतो. मुलगी आमच्या झाशीजवळच्या चिरगाँवची. तिचे पूर्वज म्हणे मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले. आम्ही रेल्वेबरोबर आलो. तिला मराठी सगळं कळतं, बोलताना मात्र मध्येच रूळ बदलते. भाडं अगदी वेळेवर देते. हेही मला जरा खटकतंच.

बकुळने तिला बसवून चहा दिला. स्वतः घेतला नाही. "मला आता भाजीला जायचंय," म्हणाली. भाजीचा आणि चहाचा काय संबंध, हे लग्नाला चाळीस वर्षं होत आली तरी मला समजलेलं नाही.

९ जानेवारी

नोकरीत होतो तेव्हा महिन्यातले अर्धे दिवस मी भोपाळच्या नाहीतर दिल्लीच्या रेल्वे विश्रामगृहात काढले. बकुळ तेव्हा म्हणायची, तुम्ही रिटायर झालात की रोज संध्याकाळी दोघं सिपरी बाजारात जाऊ, तिळगुळाचा गजक खाऊ, दुकानं बघू, घाई करायला कुणी नको. नोकरीची शेवटची वर्षं मी या एका गोष्टीवर काढली. आता रिटायर होऊन तीन वर्षं झाली. रोज संध्याकाळी मी चपला घालून दारात उभा राहतो आणि ती म्हणते, "आज मन नाही."

आज कशीबशी आली. गजकवाल्याच्या गाडीपर्यंत गेलो असू, तिचा चेहरा बदलला. "चला, घरी जाऊ." का? तर काही नाही, असंच. येताना इतकी झपझप पुढे, की बघणाऱ्याला वाटावं मी तिचा पाठलाग करतोय. आमच्या दाराला तीन कुलपं आहेत. ती उघडताना मी घाई करत नाही. प्रत्येक कुलूप आधी ओढून बघतो, म्हणजे मागे कुणी हात लावला होता का ते कळतं. ती तोवर या पायावरून त्या पायावर होत होती. शेवटचं उघडलं तशी मला जवळजवळ ढकलूनच आत गेली.

माझ्याबरोबर अर्धा तास काढणंही तिला जड जातंय. हे लिहितानाही वाईट वाटतं, पण दुसरीकडे कुठे लिहिणार? वरती रुचिराच्या खोलीत मात्र संध्याकाळच्या संध्याकाळ बसते.

१२ जानेवारी

समोर साहूजींचं किराणा दुकान आहे. त्यांच्या पायरीवरून कुणीतरी बूट उचलून नेले. "नये के नये लै गए, टीटी साब," म्हणत बिचारे मोज्यांवर उभे होते.

मी तिथल्या तिथे त्यांना सांगितलं, या गल्लीच्या तोंडाला लोखंडी गेट पाहिजे. कुणीही येतो, कुणीही जातो, कुणाला कुणाचं नाव विचारायची सोय नाही. संध्याकाळी बंद, सकाळी उघडं, आणि किल्ली एका जबाबदार माणसाकडे. साहूजींनी लगेच मान डोलावली, "हओ, जा तो होनेई चइये."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रुचिराची ती निधीची भानगड आहेच, तर मग तिच्याच रस्त्याने जाऊ. तिला बोलावून गेटाचा प्रस्ताव सांगितला. तिने काही न कुरकुरता टिपून घेतला.

"आतापर्यंत तीन काम झाले काका. एक तुमचं गेट. एक पार्कमध्ये लाइट. आणि एक बाजाराच्या तोंडाशी औरतांसाठी शौचालय."

"हे तिसरं कुणी सुचवलं?"

"मोहल्ल्यातल्याच एक काकी आहेत," असं म्हणून ती आमच्या स्वयंपाकघराकडे बघून हसली. पोह्यांना फोडणी बसली होती, त्याचा वास आला असेल.

मी काही काल रिटायर झालेलो नाही. काकी-बिकी कुणी नाही. काम संस्थेचं, ठेकेदार संस्थेच्या ओळखीचा, नाव मोहल्ल्याचं. खरीच अडचण असती तर बायका बोलल्या नसत्या का? बायका काही बोलायच्या राहतात होय! माझ्या घरात एक आहे, तिच्या तोंडून मी आजवर बाजारातल्या संडासाचा शब्द ऐकलेला नाही.

१८ जानेवारी

आज बकुळचं हळदीकुंकू. दर वर्षी आमच्या ओळखीच्या मराठी घरांतल्या पाच-सहा जणी येतात, तासाभरात उरकतं. या वर्षी तिने सगळ्या गल्लीला बोलावलं. साहूजींची बायको, पलीकडच्या गल्लीतल्या, भाजीवाली, आणि जानकी काकीसुद्धा. जानकी काकी शेजारच्या, सत्तरीच्या, नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली. हळदीकुंकवाला अशी बाई आमच्याकडे कधी बोलावलेली मी पाहिली नव्हती. बकुळला विचारलं तर म्हणाली, "तिला काय तिळगूळ कडू लागतो?"

मी यातून काय समजायचं ते समजलो. मतं गोळा करायची म्हटली की कुणालाच वगळून चालत नाही. ही युक्ती बकुळच्या डोक्यातली नाही, वरच्या मजल्यावरून उतरलेली आहे.

हळदीकुंकवात पुरुषाला जागा नाही, हे कारस्थानासाठी किती सोयीचं! मला माझ्याच घरातून बाहेर काढलं. साहूजींच्या दुकानात पोत्यावर बसून मी आमच्या खिडकीवर नजर ठेवली. आधी बराच वेळ एकटीचाच आवाज, हळू. मग एकदम सगळ्या हसल्या. मग जानकी काकींचा खणखणीत आवाज आला, "सांची कै रईं बाई!" म्हणजे खरं बोलतेस, आणि पुन्हा हसणं. साहूजींनी माझ्याकडे पाहिलं, मी साहूजींकडे पाहिलं. दोघांनाही वाटलं की आपल्यावरच हसताहेत.

बायका बाहेर पडल्या त्या प्रत्येकीच्या हातात पाण्याची बाटली. हे म्हणे वाण! चमचे, वाट्या, डबे लुटलेले पाहिले आहेत, बाटली पहिल्यांदाच.

"बाटलीच का?" मी बकुळला विचारलं.

"पाणी प्यायला," ती म्हणाली.

"घरात पेले नाहीत लोकांच्या?"

"बाहेर प्यायला." आणि पुन्हा तेच हसणं. बाटल्या संस्थेने पुरवल्या का, हे मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा नाही म्हणाली. एकदा नाही म्हणाली असती तर विश्वास ठेवला असता.

२५ जानेवारी

धर्मशाळेच्या हॉलमध्ये तयारीची सभा. मत कसं घ्यायचं यावर चर्चा. रुचिरा म्हणाली, सगळ्यांनी हात वर करायचे, मोजायचे, झालं.

मी उभा राहिलो. म्हटलं, हात वर करणं हे मतदान नाही, कवायत आहे. एकीने हात वर केला की शेजारची करते. ज्यांच्या घरी बाटली गेली त्या सगळ्यांचे हात आपोआप वर जातील. पडदा पाहिजे. एकेकट्याने आत जायचं, चिठ्ठी डब्यात टाकायची, बाहेर यायचं. नवऱ्याने बायकोबरोबर जायचं नाही, बायकोने मैत्रिणीबरोबर जायचं नाही. कुणाला दिलं ते कुणी विचारायचं नाही आणि कुणी सांगायचं नाही. शिवाय दारात एक माणूस बसवा, आधार कार्ड बघून आत सोडणारा. आणि तो माणूस मी.

माझी अपेक्षा होती की पोरगी वाद घालेल. तिने टाळ्या वाजवल्या. "काका, कित्ती अच्छा सुझाव! हे तर आम्हाला सुचलंच नाही." मागच्या सतरंजीवर बसलेल्या बायकांत कुजबुज झाली, आणि साहूजींची बायको, जी कधी मान वर करून बघत नाही, ती मला हात जोडून "भौत अच्छा, टीटी साब" म्हणाली.

एवढ्या पटकन मान्य झालं, म्हणजे कुठेतरी गोम आहे. घरी येऊन खूप विचार केला, सापडली नाही. पडद्यासाठी घरातली जुनी चादर मागितली, तर बकुळने ट्रंकेतली नवी, जाड, हिरवी काढून दिली. "यातून पलीकडचं काही दिसायचं नाही," म्हणाली. मी उजेडासमोर धरून पाहिली. खरंच दिसत नाही.

३१ जानेवारी

गेले चार दिवस घरोघर जाऊन पुरुषांशी बोलतोय. गेट का हवं ते मी समजावून सांगतो, ते ऐकून घेतात. सगळ्यांचं एकच, "हओ टीटी साब, गेटई बनहे." मी नुसत्या 'हओ'वर सोडत नाही. डोळ्यांत बघून विचारतो, हातावर हात मारून घेतो. चेहरा वाचणं हा माझा धंदा होता. बाथरूममध्ये लपलेला प्रवासी मी डब्यात चढताक्षणी बाकीच्यांच्या तोंडावरून ओळखायचो. या गल्लीतला एकही पुरुष माझ्याशी खोटं बोललेला नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे. इथे लिहूनच ठेवतो.

बायकांकडे गेलो नाही. नवरे सांगतीलच. बकुळलाही मी दर निवडणुकीत सकाळी सांगतो, ती "बरं" म्हणते, काम झालं.

फक्त जानकी काकींना सांगायला नवरा नाही, म्हणून त्यांच्या दारात गेलो. त्यांनी मला गूळ-शेंगदाणे दिले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हमें सोई बोट डारने है बेटा. मनो कौन खों डारहें, जा नईं बताहें. तुमनेईं तो कई ती." मत देणार, पण कुणाला ते सांगणार नाही; माझाच नियम मला ऐकवला.

४ फेब्रुवारी

आज दुपारी बाथरूमच्या बंद दाराआड बकुळ हिंदीत बोलत होती. हळू, पण बराच वेळ. मध्येच थांबायची, तेच वाक्य पुन्हा म्हणायची. मला आधी वाटलं फोन. पण फोन बाहेर टेबलावर होता. 'जी' फार वेळा ऐकू आलं. बाहेर आल्यावर विचारलं, कुणाशी बोलत होतीस? म्हणाली, "नळाशी."

मग ताट वाढताना म्हणाली, "तुमचं गेट पडलं तर फार वाईट वाटेल का हो?"

"पडायचं कारणच काय? सगळ्या पुरुषांनी शब्द दिलाय."

"दिला असेल." थोडा वेळ ती आमटी ढवळत राहिली. "पण डब्यात काहीच निघालं नाही, तर चारचौघांत बरं दिसणार नाही."

मी ताटावरून उठलोच असतो, पण आमटी चांगली झाली होती. बायकोला आपल्याबद्दल इतकाही भरवसा नसावा! जेवण झाल्यावर म्हटलं, चल बाजारात. "आज मन नाही."

८ फेब्रुवारी, रविवार

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर डोक्यातला गोंधळ जाणार नाही.

सकाळी दहाला दारात खुर्ची टाकून बसलो. आधार बघितल्याशिवाय कुणालाही आत सोडलं नाही. साहूजी कार्ड विसरले होते, त्यांना परत घरी पाठवलं. बकुळलाही कार्ड मागितलं. तिने पिशवीतून काढून पुढे धरलं आणि म्हणाली, "फोटो माझाच आहे, नीट बघून घ्या." मागच्या बायका हसल्या. नियम म्हणजे नियम.

मग भाषणं. प्रत्येक कामासाठी कुणीतरी पाच मिनिटं बोलायचं. पार्कातल्या लाइटवर एक मास्तर बोलले. मग मी गेटावर बोललो. चांगलं झालं. चोर, फेरीवाले, अनोळखी माणसं, साहूजींचे बूट, सगळं आलं. टाळ्याही पडल्या, पुरुषांनी तर जोरात वाजवल्या. मी पुन्हा दारातल्या खुर्चीवर येऊन बसलो, कारण भाषणाच्या गडबडीत बाहेरचं कुणी घुसलं असतं.

रुचिरा म्हणाली, "अब शौचालय के लिए बकुळ काकी बोलेंगी."

मला वाटलं दुसरी कुणी बकुळ असेल. या झाशीत दुसरी बकुळ कुठून येणार! ती माईकपाशी जाऊन उभी राहिली, पदर खांद्यावरून घट्ट ओढून. ती जे बोलली ते आठवेल तसं लिहितो.

"मेरे पति रोज़ शाम को कहते हैं, चलो बाज़ार. मैं रोज़ कहती हूँ, मन नहीं है. मन तो बहुत है जी. चालीस साल से है. पर मुझे शुगर है, और रास्ते में औरत के जाने की एक जगह नहीं. आदमी को तो हर दीवार है. सब्ज़ी लानी हो तो मैं सुबह से पानी नहीं पीती. चाय नहीं पीती. इनके साथ निकलती हूँ तो आधे रास्ते से लौटना पड़ता है, और ये समझते हैं कि मैं इनसे ऊब गई हूँ. मुँह उतर जाता है इनका. मैं बता नहीं पाती. ऐसी बात कैसे बताऊँ? फिर भागते-भागते घर पहुँचती हूँ, तो ये तीन ताले खोलते हैं जी. एक-एक को खींचकर देखते हैं."

बायका खो खो हसल्या. मग एकदम हसायच्या थांबल्या. जानकी काकी डोळे पुसत होत्या. साहूजींची बायको खाली बघत होती, आणि साहूजी तिच्याकडे बघत होते, जणू ती कोण आहे हे आत्ताच कळलंय. बकुळ आणखी काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं नाही. मी दारातल्या फरशीकडे बघत होतो. तीन वर्षं रोज दारात चपला घालून उभा राहिलो आणि रोज मनात तिला बोल लावले. गाडीतल्या बंद दाराआडचा परका माणूस मला कळायचा, आणि ही कळली नाही. फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त, कसं सांगू, फार बरं वाटलं. तिला माझा कंटाळा आलेला नाही.

मग मतदान. एकेकजण पडद्याआड जाऊन येत होता. शब्द दिलेले पुरुष बाहेर येताना माझ्याकडे न बघता बुटाची नाडी बांधत होते. चपला घातलेलेसुद्धा वाकत होते. शेवटी मी आणि बकुळ दोघंच राहिलो, मी दारामुळे आणि ती बायकांना रांगेत लावत होती म्हणून.

मी आत गेलो. तीन पत्र्याचे डबे, झाकणाला फट, प्रत्येकावर चित्र. हात आधी गेटाच्या डब्याकडेच गेला. इतके दिवस त्यासाठी घरोघर फिरलो होतो. मग वळवला आणि बाईचं चित्र होतं त्या डब्यात चिठ्ठी टाकली. हे फक्त इथेच लिहितोय. बाहेर कुणाला सांगायचं नाही, असा नियम मीच केलेला आहे. शिवाय मी स्वतःचाच शब्द फिरवला असं लोक म्हणतील.

बाहेर आलो तर बकुळ म्हणाली, "झालं तुमचं? गेटालाच ना?"

"ते विचारायचं नसतं," मी म्हटलं.

ती आत गेली. सगळ्यांत जास्त वेळ तिलाच लागला. डबे हलवून बघितल्यासारखा आवाज आला, एकदा, मग परत. चष्मा घरी विसरली होती, चित्रं दिसली नसतील. बाहेर आली तेव्हा डोळे भरलेले होते आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, की मला वाटलं माझ्या तोंडाला काही लागलंय.

मोजणीला मी स्वतः बसलो. बाईच्या चित्राचा डबा उपडा केला तर चिठ्ठ्यांचा ढीग. पार्कच्या डब्यात मूठभर. गेटाचा डबा मी उघडला. आत एक चिठ्ठी. डबा झटकला, तळाशी हात घालून बघितला. एकच.

अख्खा हॉल हसला. साहूजींनी पाठीवर थाप मारली, "चलो टीटी साब, तुमने तो अपनी बात राखी!" माझीच चिठ्ठी, असंच सगळ्यांनी धरलं. नाही म्हणायची सोय नव्हती. एकटी बकुळ हसली नाही. तोंडाला पदर लावून उभी होती.

९ फेब्रुवारी

दोन कुलपं काढून माळ्यावर टाकली. एक पुरे. बकुळने दुपारी शिरा केला. सणवार नव्हता.

मी तिला म्हटलं, "मला सांगायचंस."

"काय सांगायचं? लाज वाटायची," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुम्ही पडदा लावायला लावलात म्हणून झालं सगळं. हात वर करायचे असते तर अर्ध्या जणींनी नवऱ्यासमोर केलाच नसता."

ही गोम मला सापडली नव्हती. रुचिराला मात्र त्याच क्षणी सापडली असणार. पोरगी दिसते तेवढी साधी नाही.

११ फेब्रुवारी

आज एकटाच सिपरी बाजारात जाऊन आलो. बायकांना जायला कुठे काही आहे का, ते बघत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. कापडवाल्याला विचारलं, मिठाईवाल्याला विचारलं. दोघांनीही मला मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. इतकी वर्षं या बाजारात येतोय, या नजरेने कधी बघितलाच नव्हता. घरी येऊन गजक आणला होता तो बकुळपुढे केला.

मात्र ती एक चिठ्ठी माझ्या डोक्यातून जात नाही. मी टाकली नाही, मग टाकली कुणी?

सुरुवात साहूजींपासून केली. दुकानात गेलो, सरळ विचारलं. चिठ्ठी आपलीच म्हणत त्यांनी गळ्याला हात लावला. "बा परची हमाई हती, टीटी साब. गंगा कसम." त्यांचा चेहरा मी नीट वाचला. अगदी खरा वाटला. पण ३१ तारखेलाही तो तेवढाच खरा वाटला होता.

१६ फेब्रुवारी

बाजाराच्या तोंडाशी जागेवर चुन्याच्या रेघा मारल्या. कामावर नजर ठेवायला तीन माणसांची समिती झाली आहे, त्यात बकुळने माझं नाव सुचवलं. "यांच्यासमोर ठेकेदाराने एक वीट चोरून दाखवावी," असं भर सभेत म्हणाली म्हणे. मी आजच टेप घेऊन गेलो. एक रेघ वीतभर कमी भरली. पुन्हा मारायला लावली. दाराची कडी आतून कशी असणार, पाणी कुठून येणार, हेही विचारून ठेवलं. त्या पोराने उत्तर दिलं, पण फार पटकन दिलं. उद्या परत जाणार.

संध्याकाळी चपला घातल्या, तर आज बकुळच आधी दारात. "लांब नको, रेघा बघून येऊ आणि परत," म्हणाली. तिथपर्यंत गेलो, उभे राहिलो, तिने रेघांवरून चालून बघितलं, परत फिरलो. मी घाई केली, तिला करायची वेळ येऊ दिली नाही. येताना तिने भर रस्त्यात माझा हात धरला. आजवर कधी धरला नव्हता. काहीतरी मागायचं असेल म्हणून घरापर्यंत वाट बघितली. काहीच मागितलं नाही. यामागे काय आहे ते कळायला हवं.

२० फेब्रुवारी

तपास पुढे सरकत नाही. त्या एका चिठ्ठीवर आता निम्म्या गल्लीने हक्क सांगितलाय. ज्याला विचारावं तो छातीवर हात ठेवून म्हणतो, माझीच होती. म्हणजे एक सोडून सगळे खोटं बोलताहेत, किंवा सगळेच. पार्कवाले मास्तर स्वतःच्या लाइटला सोडून मला देणार नाहीत. जानकी काकींनी तर चिठ्ठी टाकून बाहेर आल्यावर नियम मोडून, शौचालयाला दिलं म्हणून सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

रुचिराला जिन्यात गाठलं. "तुला माहीत असणार. ती एक चिठ्ठी कुणाची?" ती आधी हसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, पर्दा तर तुम्हीच लावला ना. मी नाही सांगणार," म्हणाली आणि वर पळाली. तिला माहीत आहे, यात शंका नाही. रडण्यासारखं काय होतं, ते मात्र कळलं नाही.

शेवटी बकुळला विचारलं. ती मेथी निवडत होती.

"असेल कुणीतरी," ती म्हणाली. "तुमची फजिती होऊ नये असं वाटणारं."

"या गल्लीत असं माझ्याबद्दल कुणाला वाटतंय?"

"तुम्ही टीसी होतात ना? शोधा." आणि मेथीत मान घालून हसत बसली.

शोधणारच आहे. उद्यापासून पलीकडच्या गल्लीपासून सुरुवात करतो. कुणीतरी मनात माझ्याबद्दल आस्था ठेवून गप्प बसलेलं आहे, आणि त्याचे आभार मानायचे राहिलेत. घरातलं कुणी असण्याचा प्रश्न नाही. बकुळला मी पहिल्याच दिवशी वगळलं. तिचं मत कुठे पडलं ते अख्ख्या हॉलने माईकवरून ऐकलेलं आहे.